शरीरातल्या सूक्ष्म धातूंची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी गेली सतरा वर्षं एकच काम करते. रक्त, लघवी, केस, नखं, कधी लिव्हरचा सुईएवढा तुकडा येतो. त्यात शिसं किती, तांबं किती, जस्त किती ते मोजायचं. नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ठाणे लोकलमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढून समोर धरतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. औषध काय घ्यायचं ते मी सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. आकडा येतो कसा आणि त्यावर कितपत विसंबायचं, एवढंच माझं क्षेत्र.

सूक्ष्म मूलद्रव्यं म्हणजे नेमकी कोणती?

शरीरात कॅल्शियम सुमारे किलोभर असतं, त्याला सूक्ष्म म्हणत नाहीत. लोखंड मात्र तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. जस्त दोन-तीन ग्रॅम. तांबं १०० मिलिग्रॅमच्या आसपास. आयोडीन १५ ते २० मिलिग्रॅम, त्यातलं बहुतेक थायरॉइड ग्रंथीत. हे सगळे कामाचे. शिसं, पारा आणि कॅडमियम यांचं शरीरात काहीच काम नाही, ते नुसते बिनबोलावलेले पाहुणे. मधलं एक सेलेनियम : लागतं, पण थोडंसंच. जास्त झालं की केस आणि नखं गळायला लागतात. त्यामुळे ‘जास्त आलं म्हणजे चांगलंच’ असा हिशेब इथे चालत नाही.

रिपोर्टवर पीपीबी लिहिलंय. म्हणजे किती?

अब्जात एक भाग. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, त्यात १० मिलिग्रॅम मीठ टाकून ढवळलं तर एक पीपीबी होतं. १० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीभर मिठाचा तिसावा-चाळिसावा हिस्सा. आम्ही रोज याच पातळीवर मोजतो आणि पुष्कळदा याच्याही खाली. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढच्या उत्तरांत मी नळी, हातमोजे आणि धूळ यांच्याच मागे का लागलेय ते कळेल.

रक्त द्यायचं, लघवी द्यायची की केस?

हे तुमच्या प्रश्नावर ठरतं, आणि प्रश्न न ठरवता नमुना देणारेच जास्त असतात.

शिसं असेल तर रक्त, तेही अख्खं रक्त. सीरम, म्हणजे पेशी वेगळ्या काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी, चालत नाही, कारण रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं. पेशी काढून टाकल्या की शिसंही त्यांच्याबरोबर गेलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, म्हणून हा आकडा अलीकडचं सांगतो. खरा साठा असतो हाडांत. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं तिथे असतं आणि वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडं झिजली की ते पुन्हा रक्तात उतरतं. लहानपणी अंगात गेलेलं शिसं आजीच्या रक्तात दिसतं ते असं. हाड न कापता बाहेरून एक्स-रे फ्लुओरेसन्सने शिसं मोजता येतं, पण ती सोय संशोधनापुरतीच. मुलांचे पडलेले दुधाचे दातही अशी नोंद ठेवतात. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांच्या दातांतलं शिसं मोजून ते मुलांच्या बुद्धिमत्तेशी आणि वर्गातल्या वागण्याशी ताडून पाहिलं होतं. ते वाचल्यापासून माझ्या मुलीचे दात मी डबीत जपून ठेवलेत. मोजलेले मात्र नाहीत. घरचं काम कायम राहूनच जातं.

आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचा सोमल, रक्तातून काही तासांत निघून जातो. त्यामुळे त्याला लघवीत पकडायचं. पाऱ्याचं दोन्हीकडे आहे : माशांमधून येणारा मिथाइल पारा रक्तात आणि केसांत दिसतो, वाफेतून किंवा क्षारातून आलेला पारा लघवीत. कॅडमियम किडनीत दहा-दहा, तीस-तीस वर्षं मुक्काम करतं आणि लघवीत थोडं थोडं झिरपतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्याच्या दुप्पट सापडतं. जस्त आणि तांबं सीरममध्ये.

आयोडीनचं मात्र वेगळं. एका माणसाच्या एका वेळच्या लघवीवरून त्याला आयोडीन कमी आहे असं म्हणता येत नाही. ते दिवसभरात फार वरखाली होतं. ती तपासणी गावाची किंवा शाळेची असते. पुष्कळ मुलांच्या नमुन्यांचा मधला आकडा १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आला तर त्या वस्तीत आयोडीन पुरेसं आहे असं समजतात.

केसांची तपासणी ऑनलाइन मिळते. करू का?

कोणत्या धातूसाठी? मिथाइल पाऱ्यासाठी केस उत्तम. रक्तात जेवढा असतो त्याच्या अडीचशे पट केसांत साठतो, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून तीन सेंटिमीटर कापले तर गेल्या तीन महिन्यांची वही हातात आली. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचं औषध लावलेलं बियाण्याचं धान्य लोकांनी दळून खाल्लं. तेव्हा बायकांच्या लांब केसांचे तुकडे करून कुणाच्या अंगात कोणत्या महिन्यात किती पारा होता ते काढता आलं होतं. आर्सेनिकलाही केस आणि नखं चालतात, पश्चिम बंगालच्या विहिरींच्या अभ्यासांत ती वापरली आहेत.

पण ‘केसावरून तुमच्यात जस्त कमी, मॅग्नेशियम कमी, या गोळ्या घ्या’ हा सरळ धंदा आहे. केस बाहेर उघडे असतात. कोंड्याच्या शाम्पूत झिंक पायरिथिऑन असतं, काहींत सेलेनियम सल्फाइड. मेंदी, डाय, खोबरेल, टँकरचं पाणी, लोकलच्या दारात खाल्लेली धूळ, सगळं केसावर बसतं. आम्ही केस ॲसिटोन, मग तीनदा पाणी, मग पुन्हा ॲसिटोन असे धुतो. ती आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची पद्धत. तरी आत शिरलेलं बाहेरचं आणि मुळातून आलेलं आतलं यांत फरक करता येत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत एकाच निरोगी माणसाचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवले होते. काही मूलद्रव्यांत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहापटीहून जास्त आला, आणि गोळ्यांचे सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध.

द्यायचेच असतील तर डोक्याच्या मागून, टाळूलगत कापलेले, डाय न केलेले द्या. कंगव्यातले गोळा करून आणू नका. आणणारे आहेत, म्हणून सांगते.

तपासणीआधी मासे खाल्ले तर काय बिघडतं?

आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर सगळंच बिघडतं. मासे, कोळंबी, खेकडे यांत आर्सेनिक बऱ्यापैकी असतं, पण ते आर्सेनोबिटेन या रूपात. ते आलं तसं लघवीतून जातं, अपाय करत नाही. साध्या तपासणीत मात्र सगळं आर्सेनिक एकाच आकड्यात येतं, भलं-बुरं कळत नाही.

दिवाळे गावातल्या एका काकूंचा रिपोर्ट चारशेच्या वर आला होता. घरात रडारड, कुणी बोअरवेलवर संशय घेतला, कुणी शेजारच्या कारखान्यावर. मी फोन करून विचारलं, “काकू, आधीचे दोन दिवस काय जेवलात?” बोंबील. आणि दुसऱ्या दिवशी? जवळा. आणि रात्री? उरलेले बोंबील. म्हटलं, पाच दिवस मासे बंद ठेवा, सुकटसुद्धा नको, मग पुन्हा नमुना द्या. त्या म्हणाल्या, “का गं, श्रावण लागला का आत्ता?” पाच दिवस वरणभातावर काढून आल्या, आकडा तळाला.

आम्ही चार-पाच दिवस मासे बंद ठेवायला सांगतो. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे : आधी स्तंभातून, म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून, नमुना सोडून आर्सेनिकची रूपं वेगळी करायची, मग मोजायची. खर्च जास्त, वेळ जास्त.

रक्त घेताना नळीला एवढं महत्त्व का?

कारण खरी तपासणी तिथेच होते. मशीन नंतर येतं.

सूक्ष्म धातूंसाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी असते, शाळेतल्या रॉयल ब्लू शाईसारखी. ती धातूमुक्त असल्याचं तपासून विकतात. साध्या लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीच्या रबरात जस्त असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक आठवडाभर जस्ताचे आकडे चढे यायला लागले. सगळे नाहीत, रोज आठ-दहा. पहिला संशय नायट्रिक ॲसिडवर, बाटली बदलली. मग पाण्यावर, मग माझ्याच हातमोज्यांवर, कारण पावडरच्या हातमोज्यांतही जस्त असतं. चौथ्या दिवशी मी चढ्या आकड्यांच्या नळ्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी लावल्या. सगळ्या एकाच कलेक्शन सेंटरच्या. त्यांच्याकडच्या निळ्या नळ्या संपल्या होत्या, म्हणून साध्या नळीत रक्त घेऊन ते आमच्या नळीत ओतून पाठवत होते. ती साधी नळी बाइकच्या पिशवीत दोन-दोन तास आडवी पडून असायची, रक्त झाकणाला लागून. चूक त्यांची तेवढीच आमचीही, कारण ओतलेला नमुना घ्यायचा नाही हा नियम आमच्या रिसेप्शनला कुणी सांगितलाच नव्हता. ३१ जणांना फोन करून पुन्हा रक्त मागावं लागलं. त्यांतल्या एका आजोबांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा रक्त देताना झाकणाचा रंग बघा आणि विचारा. रागावतील, तरी विचारा. अजून दोन गोष्टी. रक्त फुटलं, म्हणजे सीरम गुलाबी झालं, तर जस्ताचा आकडा फुकट; तांबड्या पेशींत जस्त सीरमच्या सुमारे दहापट असतं. आणि क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असेल तर स्टीलच्या सुईतूनच ते थोडं उतरतं, म्हणून पहिली नळी टाकून दुसरी वापरतात.

उपाशीपोटी यायचं का?

जस्तासाठी हो, सकाळी. जेवणानंतर आणि संध्याकाळी ते उतरतं. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर थांबा. जस्त रक्तातून लिव्हरकडे सरकतं आणि नसलेली कमतरता दिसते. तांब्याचं उलटं : संसर्गात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी ते वाढतं. शिशाला उपास लागत नाही.

मशीन नक्की काय करतं?

आमच्याकडे आयसीपी-एमएस आहे. नमुना पातळ करून त्याचा फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. काळ्या काचेतून पाहिलं तर आत निळसर-पांढरी ज्योत दिसते. तिचं तापमान सहा ते दहा हजार केल्विन, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त. तिथे रेणू, पेशी, प्रथिनं, काही शिल्लक राहत नाही. अणू सुटे होतात, त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि यंत्र त्यांना वजनानुसार मोजतं. शिसं २०८ वर, कॅडमियम १११ वर, आर्सेनिक ७५ वर.

७५ वर मोठी खोट आहे. आर्गॉन ४०, आणि मिठातलं क्लोरीन ३५. दोघं जुळले की ७५. रक्तात आणि लघवीत मीठ भरपूर, म्हणजे आर्सेनिक नसतानाही यंत्र आर्सेनिक दाखवणार. त्यावर उपाय म्हणून वाटेत हेलियमची कोठडी ठेवलेली असते. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातच्या गर्दीत दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला माणूस सडसडीत माणसापेक्षा जास्त धक्के खातो आणि मागे पडतो, तसंच. जोडीचा कण आकाराने मोठा, तो हेलियमला आपटत आपटत जोर गमावतो. एकटा आर्सेनिक पुढे निसटतो. मंद झालेल्यांना दारातच अडवायचं.

एमआरआय झाल्यावर ही तपासणी चालते का?

रंगद्रव्य टोचून एमआरआय केला असेल तर किमान चार दिवस थांबा. त्यात गॅडोलिनियम असतं. दुहेरी भार आलेला त्याचा अणू यंत्राला निम्म्या वजनाचा वाटतो आणि सेलेनियमच्या जागी जाऊन बसतो. सीटी स्कॅनच्या रंगद्रव्यात आयोडीन असतं. त्यानंतर आयोडीन मोजण्यात अर्थच नाही.

जुन्या एएएस मशीनवर केलेला रिपोर्ट चुकीचा असतो का?

मुळीच नाही. एएएस, म्हणजे अणूंनी किती प्रकाश शोषला त्यावरून धातू मोजणारं यंत्र. ग्राफाइट भट्टीचं एएएस शिशासाठी आजही चांगलं. एका वेळी एक धातू, एवढीच त्याची मर्यादा. हातखंडा असलेल्या माणसाचं एएएस मला नवशिक्याच्या महागड्या यंत्रापेक्षा बरं वाटतं.

खाडीपलीकडे बीएआरसीत अणुभट्टीत केस घालून मोजतात म्हणे?

त्याला न्यूट्रॉन ॲक्टिव्हेशन म्हणतात. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात, मग प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक गॅमा किरणांनी ओळख देतं. नमुना ॲसिडमध्ये विरघळवावा लागत नाही, म्हणून बाहेरची घाण शिरायला वाव कमी. आर्सेनिक-७६ साधारण २६ तासांत निम्मं होतं, ते पुढच्या एक-दोन दिवसांत वाचतात. जस्त-६५ ला २४४ दिवस लागतात, त्याला सवडीने मोजलं तरी चालतं. नेपोलियनच्या केसांतलं आर्सेनिक याच पद्धतीने मोजलं होतं. शिशासाठी मात्र ही पद्धत फारशी कामाची नाही. आणि हे संशोधनाचं काम आहे, तुमचा नमुना काउंटरवर देण्याजोगं नाही.

मुलाच्या रक्तात शिसं ६ आलंय. घाबरू का?

आधी एकक बघा. ६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ६० प्रति लिटर. काही लॅब डेसिलिटरमध्ये लिहितात, काही लिटरमध्ये. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढलं’ म्हणून आलेले पालक मी पाहिलेत.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, २०२१ मध्ये मुलांसाठी ३.५ हा संदर्भ आकडा ठरवला, त्याआधी तो ५ होता, आणि त्याच्याही आधी, १९९१ पासून, १०. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायला सांगते. यांतला कुठलाही आकडा ‘इथपर्यंत सुरक्षित’ असा नाही. शिशाची तशी पातळी सापडलेलीच नाही. तेव्हा ६ ला दवाखान्यात पळापळ नको, पण घरात शोधाशोध हवी. बोटाला टोचून घेतलेलं रक्त असेल तर आधी शिरेतून घेऊन पुन्हा मोजा, बोटावरची धूळही मोजली जाते.

शोधायचं कुठे? शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. घरगुती रंगात ९० पीपीएमहून (दहा लाखांत ९० भागांहून) जास्त शिसं चालणार नाही हा नियम २०१६ चा. पण नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या खिडकीवर त्याआधीचे सहा थर असतात आणि दुरुस्तीत पॉलिश पेपरने घासले की भुकटी जमिनीवर पडते, जिथे मूल रांगतं. शिवाय डोळ्यांतला सुरमा, सुट्टी चमकदार हळद, घरातल्या कुणाचं बॅटरी दुरुस्तीचं काम आणि त्याच कपड्यांनी घरी येणं. भस्माच्या पुड्या चालू असतील तर पुडीच घेऊन या. पुडी मोजणं रक्त मोजण्यापेक्षा सोपं, आणि उत्तरही सरळ मिळतं.

लिव्हरच्या तुकड्यातलं तांबं कशासाठी मोजतात?

बहुतेक वेळा विल्सन्स डिसीजच्या संशयावरून. यात तांबं पित्तावाटे बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये साचतं, पुढे मेंदूत. आधी रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी होते. त्यातून उलगडा झाला नाही तर बायोप्सी.

येणारा तुकडा शेवईच्या तुकड्यासारखा असतो, दीड-दोन सेंटिमीटर. वाळवला की वजन दोन-तीन मिलिग्रॅम उरतं. तराजूजवळ जोरात श्वास सोडला तरी आकडा हलतो. वजन करताना मी पंखा बंद करते, दार लावते आणि कुणाशी बोलत नाही. मग नायट्रिक ॲसिडमध्ये, बंद भांड्यात मायक्रोवेव्हने विरघळवायचं. सुक्या ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं म्हणजे विल्सन्सकडे बोट; ५० च्या खाली असेल तर शक्यता फारच कमी. मधल्यांचं डॉक्टरांनी बाकीच्या गोष्टींशी ताडून ठरवायचं. पित्त अडलेलं असेल तरीही तांबं वाढतं, आणि सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, त्यामुळे सुई नेमकी रिकाम्या जागी गेली तर आकडा फसवतो.

तुकडा धातूमुक्त कोरड्या कुपीत, बर्फात पाठवा. चुकून फॉर्मेलिनमध्ये टाकला असेल तर फेकू नका. मेणाच्या ब्लॉकमधूनही तांबं मोजता येतं. फक्त तसं कळवा आणि त्याच बाटलीतलं थोडं फॉर्मेलिन सोबत द्या.

थॅलेसेमियाच्या मुलाचं लोखंडही असंच बायोप्सीने मोजतात?

पूर्वी मोजायचे. आता एमआरआयने लिव्हरमधलं आणि हृदयातलं लोखंड सुई न टोचता काढता येतं, अधेमधे रक्तातलं फेरिटिन (लोखंड साठवणारं प्रथिन) बघतात.

दोन लॅबचे आकडे वेगळे आले. कुणाचं खरं?

१२ आणि १३ आलं तर दोघांचंही. ५ आणि १३ आलं तर विचारा : नळी कोणती होती, आणि त्या दिवशी प्रमाणित नमुना चालवला होता का? प्रमाणित नमुना म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं रक्त, केस किंवा बैलाच्या लिव्हरची भुकटी. ती रोज रुग्णांच्या नमुन्यांच्या मध्ये बसवतात. तिचं उत्तर चुकलं तर त्या दिवसाचं सगळं रद्द. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता बघताना त्यांच्या यादीत तुमचा धातू आणि तुमचा नमुना दोन्ही आहेत का ते बघा. लॅबला मान्यता असते, पण केसातल्या पाऱ्याला असेलच असं नाही.

२२ धातूंचं पॅकेज स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

तक्रार काही नसेल तर माझं मत ‘नको’. संदर्भ मर्यादा साधारण निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांना सामावून घेईल अशी आखलेली असते. म्हणजे एकदम ठणठणीत माणसाच्या वीस तपासण्या केल्या तर एखादी तरी लाल येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर, निव्वळ गणिताने. मग त्या लाल आकड्यामागे पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टर, पुन्हा गोळ्या. यात माझ्या लॅबचाही धंदा बुडतो, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

‘आधी औषध देऊन धातू बाहेर काढू आणि मग लघवी मोजू’ असं सांगितलंय.

धातू ओढून काढणारं औषध दिलं की कुणाच्याही लघवीत धातू वाढणारच. आणि तो आकडा औषध न दिलेल्यांच्या मर्यादेशी ताडतात! अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही. लघवी औषधाआधीच द्या.

उरलेल्या नमुन्याचं काय होतं?

रक्त, लघवी आम्ही काही दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. शंका असेल तर त्याच नमुन्यावर पुन्हा मोजून घेता येतं, म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर लगेच बघा. लिव्हरचा तुकडा परत मिळत नाही. तो ॲसिडमध्ये पूर्ण विरघळतो, वाटीत पिवळसर पाणी उरतं. केस उरले तर पाकिटात राहतात. मागायला आजवर एकच जण आले. वारलेल्या बायकोचे होते. मी पाकीट बंद करून दिलं.